कादंबरीतल्या माणसाला चेहरा नव्हता

काही कादंबऱ्यांवर सिनेमा काढायला कायद्यानं बंदी हवी, असं मी म्हणते तेव्हा घरातली मुलं हसतात. हसोत बापडी. आमच्या आईची लाडकी कादंबरी तसलीच होती. तिचा नायक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओसरीवर बसून विचार करतो. बायको चहा आणून ठेवते, तो चहा निवेपर्यंत पानंच्या पानं उलटून जातात. आता यात कॅमेऱ्यानं टिपायचं काय? कपबशी?

पण त्या पानांत माझा भाऊ राहत होता.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात दादा कॉलेज सोडून निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरला आणि सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. आमचे वडील, अप्पा, निजामाच्याच दफ्तरात नोकरीला. आम्ही राहत होतो त्या नारायणगुड्यात झडत्या सुरू झाल्या तेव्हा पोलिसांना ओळख पटेल असं काही घरात नको, म्हणून अप्पांनी दादाचा एकुलता एक फोटो चुलीत घातला. पोरगं वाचलं तर फोटो हवे तेवढे काढता येतील, असंच तेव्हा त्यांना आणि आईलाही वाटलं.

मग संस्थान भारतात विलीन झालं. आबिड्सच्या बाजारात दुकानादुकानांवर तिरंगे लागले, लोकांनी पेढे वाटले. कॅम्पातली मुलं एकेक करून परत आली. दादा आला नाही. तो कुठे गेला, कसा गेला, हे कुणालाच धड सांगता येईना.

त्यानंतर आई ती कादंबरी रोज दुपारी मोठ्यानं वाचायला लागली. लेखकानं नायकाचं रूप कुठेच सांगितलेलं नाही. कंटाळा केला असेल. आईचं मात्र त्या कंटाळ्यानं भलं झालं. वाचता वाचता ती थांबायची आणि म्हणायची, "असाच बसायचा ना गं आपला, गुडघ्यांना मिठी मारून?"

"हौ," मी म्हणायची. आणि तो दिसायचा. किंचित वाकडं नाक, हनुवटीवर देवीचे दोन व्रण. आम्हाला तो तेवढाच उरला होता.

काही वर्षांनी त्या कादंबरीवरचा सिनेमा सिकंदराबादला लागला. अप्पा म्हणाले, "नक्को जाऊ. पुस्तक आहे ना घरात?"

"पुस्तकात नुसता बसलेला असतो हो," आई म्हणाली. "एकदा चालताना बघू द्या की."

तिनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, डोक्यात फूल माळलं. तिचा तो चेहरा बघून तिला थांबवणार कोण?

पडद्यावर गुबगुबीत गालांचा, कोरीव मिशीचा एक नट घोड्यावरून आला. ओसरीवर तो एकदाच बसला, तेही गाणं म्हणायला. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या पडल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आई माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "हा जाऊ दे. आपला कधी येतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटलं. "तो मिशीवालाच येतो गं," ती म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती पुस्तक उघडायची आणि मिटायची. इतकी हताश मी तिला दादा परत आला नाही तेव्हाही पाहिली नव्हती. तेव्हा निदान वाट बघायला कुणीतरी होतं.

शेवटी तिनं मलाच विचारलं, "त्याचं नाक कसं होतं? सांग की."

"किंचित वाकडं," मी म्हटलं. शब्द बरोबर होते. पण डोळे मिटले तर माझ्याही समोर घोडा आला, मिशी आली. नाक काही दिसेना.

आई अप्पांकडे वळली. "तुम्हाला तरी आठवतो का हो तो?"

"हौ," अप्पा म्हणाले. कसा, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.