मानेची माती
तांबड्या मातीत ताक, तेल अन् लिंबू मुरल्याचा वास आला की मला कराडजवळची ती जत्रा आठवते. आमचे हे तेव्हा पैलवान होते. मैदानात बाया जात नसत, पण कुस्तीनंतर यांची पाठ मीच धुवायची, त्यामुळे आत काय झालं ते मला मातीच सांगायची. पाठ टेकू नये म्हणून पैलवान शेवटपर्यंत मानेवर अंग तोलून धरतो, म्हणून हरल्या दिवशी यांची मान आणि कान मातीनं भरलेले असायचे. त्या जत्रेतल्या कुस्तीसाठी मी वर्षभर बदाम घोटले होते, आणि हे हरून आले ते मातीनं लालभडक पाठ अन् स्वच्छ मान घेऊन. "आवं, मानंला माती कशी न्हाई?" "घाम लय आला, गेली वाहून." घामानं माती जाते की चिकटते, एवढं मला कळत नव्हतं का? मी पाणी ओतत राहिले. परवा लेकानं टीव्हीवर बॉक्सिंगचा जुना सिनेमा लावला. त्यातला बॉक्सर ठोसा खाऊन कोसळला तसा लेक हळहळला, पण हे पटकन बोलून गेले, "ह्यो पडला न्हाई रं, आपनहून निजलाय." "आबा, तुमाला कसं कळलं?" लेकानं विचारलं. यांचा हात तेवढा मानेवर गेला.