विहिरीतला हात

बरकतपुऱ्याजवळच्या आमच्या स्विमिंग पूलवर बायकांसाठी वेगळा तास हवा, म्हणून पत्रकं मी लिहिली आणि वाटलीही मीच. तास मिळाला, पण उथळ बाजूचा. खोल बाजूला जायचं तर पूलची पूर्ण लांबी फ्रीस्टाइलने, कठडा न धरता पोहून दाखवा, असा नियम आमच्यासाठी निघाला. पुरुषांना तो कोणी विचारत नव्हतं.

पहिल्या परीक्षेत माझा दम मध्येच संपला आणि मी कठडा धरला. वर कोच उभे.

"हाथ गलत है, बेटा. पानी को नीचे नक्को दबाओ, पीछे ढकेलो. कल से मुठ्ठी बंद करके तैरना."

मला तर ही सरळ टिंगल वाटली. मी लहानपणापासून पोहते. आजोळच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून मामाने शिकवलंय.

आमच्या बॅचमध्ये मलकपेठहून येणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना म्हटलं, "मुठी वळून कोणी पोहतं का? उद्या म्हणतील, पाय बांधा."

"बांधू की. साडी नेसून धावती बस पकडतोच ना आपण? करून तर बघ. तुला मेलं मोर्चे काढून काढून पाण्यातसुद्धा सरकार दिसतं."

कोचना खोटं पाडायला म्हणून मी मुठी वळल्या. पाणी हातातून निसटायला लागलं. सवयीने हात ताठ ठेवून पाणी खाली दाबलं, तशी छाती वर आली, पाय बुडाले आणि मी होते तिथेच. तेव्हा कळलं, हा विहिरीतला हात. विहिरीत कुठे जायचंच नसतं. डोकं वर राहिलं की झालं. मग कोपर वर ठेवलं, मूठ खाली सोडली आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या अख्ख्या हाताने पाणी मांडीपर्यंत मागे लोटलं. पाणी अडलं. मी पुढे सरकले. काही दिवसांनी मुठी उघडल्या, तर समोरची भिंत अंदाजाआधीच हाताला लागली.

दुसऱ्या परीक्षेत कठडा धरावा लागला नाही.

"तुम आ जाओ गहरे में," कोच म्हणाले. "बाकी लोगां इधरीच रहेंगे."

"बाकीच्यांना मुठीचं का नाही शिकवलं?"

"कोई पूछे नै."

विचारलं तर मीही नव्हतं. जिचा आवाज मोठा, तिला उचलून पलीकडे ठेवायचं. मग उरलेल्यांकडून कोण बोलणार? ही चाल मला मोर्चांतून पाठ आहे. कोचच्या मनात ती नसेलही. पण पूलच्या त्या टोकाला एकटीने पोहत बसले असते, तर चाल आपोआप पूर्ण झाली असती.

मी उथळ बाजूलाच परत उतरले.

"मावशी, मुठी वळा."

"आता तू सरकार झालीस होय?" म्हणाल्या, पण मुठी वळून निघाल्या.

मी गॉगल चढवला आणि पाण्याखाली डोकं घातलं. त्यांचं कोपर पडत होतं, हात पाणी खाली दाबत होता. अगदी माझ्यासारखा. मी बाजूने चालत गेले आणि ते कोपर धरून वर उचललं. पुढचा हात मारताच त्या पुढे सरकल्या.

डोकं वर काढलं तर कोच आमच्याच बाजूच्या काठावर येऊन उभे होते. शिकवायला की थांबवायला, ते मी विचारलं नाही. पुढच्या बाईला म्हटलं, "या."