पूजेनंतरची पट्टी

दर वर्षी जुलै महिन्यात पोरं माझ्याकडे यायची. नांदेडच्या कॉलेजात मी उभी नोकरी मानसशास्त्र शिकवण्यात घालवली आणि उभी नोकरी एकच प्रश्न ऐकला, "सर, प्रोजेक्टला विषय सांगा ना." विषय सांगा म्हणजे सोपा सांगा, लवकर संपणारा सांगा, आणि मागच्या वर्षी कुणी केला असेल तर त्याची वहीपण द्या. कुणाला स्वप्नांवर करायचं असे, कुणाला थेट मेंदूवर. मेंदूवर! आपली आई कोणत्या कुशीवर झोपते हे ठाऊक नाही आणि निघाले मेंदूवर. मी चिडायचो. चिडून झालं की म्हणायचो, "घरी जा. एकाच माणसाकडे पंधरा दिवस बघा. काही सुधारायला जाऊ नका. मग या." निम्मी पोरं पुन्हा फिरकायची नाहीत.

हे बोलणं माझं नाही, उचललेलं आहे. ज्यांच्याकडून उचललं त्यांचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा आम्ही लातूरला होतो. निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूत. घरी मराठी, पाहुणे आले की मधूनच कानडी, आणि भूगोल उर्दूत. पुढे दुकान, मागे घर असं आमचं राहणं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं. घर लिंगायताचं, त्यामुळे सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय कुणाच्या पोटात अन्न जात नसे. मी चौदा वर्षांचा होतो, धाकटी बहीण आठ.

धाकटी डावरी होती. भाकरी डाव्या हाताने मोडायची, झाडू डाव्या हाताने धरायची, खडा मारायचा तर तोही डाव्याने, आणि नेम चुकायचा नाही. लहान होती तोवर सगळे हसले. सातवं सरल्यावर हसणं बंद झालं. लुगड्याच्या काठाची एक पट्टी अव्वाने फाडून दिली आणि तिचा डावा हात कमरेशी बांधायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत जाण्याआधी मी तिला पट्टी बांधत असे. गाठ चांगली बसायची माझी, त्याचा मला अभिमानसुद्धा होता. आज हे लिहिताना लाज वाटते.

धाकटी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं, मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे. त्यात देवणीहून आत्या आली. आत्या अप्पांपेक्षा मोठी, तिच्यापुढे अप्पांचं फारसं चालत नसे.

"डावरी आन वर तोतरी," आत्या म्हणाली. "कोन करून घेनार हिला? आमच्याकडं एक बाई हाय. बिब्ब्याचा डाग देती डाव्या तळहाताला. फोड आला की पोर हात लावत न्हाई कशाला. दोन डागांत सुधारती."

अप्पांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "अमावास्येला घेऊन जावा."

अमावास्या वीस दिवसांवर होती. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी कशी जळते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. अव्वा त्या दिवशी जेवली नाही. धाकटी काही बोलली नाही, बोलायचं म्हटलं तरी तिला वेळ लागला असता आणि तेवढा वेळ कुणी दिला नसता.

त्याच आठवड्यात आमच्या उर्दूच्या मास्तरांनी नवीन खूळ काढलं. मास्तर नांदेडहून बदलून आलेले, उंच, किडकिडीत, शेरवानीची वरची गुंडी कायम तुटलेली. हैदराबादला शिकताना ते 'नफ्सियात' शिकले होते, म्हणजे मनाचं शास्त्र. त्यांनी वर्गाला सांगितलं की प्रत्येकाने एक 'मुशाहिदा' करायचा, म्हणजे एखादी गोष्ट नीट निरखायची आणि वहीत लिहून आणायची. आमच्या वर्गात धमाल उडाली. एकाने घरच्यांचे डोळे आणि नाक बांधून कांदा कोणता, पेरू कोणता हे ओळखायला लावलं, त्याच्या काकाने कच्चा कांदा पेरू म्हणून कचाकचा खाल्ला. दुसऱ्याने ठरवलं की जांभई लागते की नाही ते बघायचं. तो हिशेबाच्या तासाला ठरवून जांभया देत बसला आणि कोण कोण मागे जांभई देतं ते पाटीवर खुणा करून मांडत राहिला. हिशेबाच्या मास्तरांनी त्याला बडव बडव बडवलं, आणि छडी खाली ठेवता ठेवता स्वतःच भली मोठी जांभई दिली. पठ्ठ्याने रडत रडत ती पण खूण केली.

मी म्हटलं, मी स्वप्नांवर करतो.

मास्तर म्हणाले, "मियाँ, ख्वाब कुठं दिसणार तुला दुसऱ्याचे? घरात काय आहे ते सांग."

मी म्हटलं, "घरी काही नाही. बहीण आहे, तोतरी."

"कधी अडखळते?"

"नेहमीच."

"नेहमी कुणी काहीच करत नाही," मास्तर म्हणाले. "आठ दिवस बघ. कधी अडखळते, कुणापुढं, काय करताना. नंतर एकच गोष्ट बदल आणि आणखी आठ दिवस बघ. पण पहले देखो. सुधारना बाद में."

मी खिशात चिंचोके घेऊन फिरू लागलो. धाकटी अडखळली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. रोज दिवेलागणीला उजवा खिसा वहीजवळ रिकामा करायचा. पहिल्याच दिवशी एक अडचण आली. धाकटीने तोंड उघडलं की आम्ही सगळे मिळून तिचं वाक्य पुरं करायचो. ती "अव्वा, प..." म्हणाली की कुणी "पानी?" म्हणे, कुणी "पाटी?" म्हणे. तिला हवा असायचा पापड. चिंचोका टाकू की नको हेच मला कळेना. मग मी अव्वाला सांगितलं, "शाळेचं काम हाय. तिचं बोलनं तिलाच पुरं करू द्या."

दोन गोष्टी मला त्या आठवड्यात दिसल्या, आणि इतकी वर्षं डोळ्यांपुढे असून दिसल्या नव्हत्या. पहिली ही की पूजेच्या वेळी धाकटी मंत्र म्हणताना एकदाही अडखळत नसे. दुसरी अशी की पूजेसाठी तिचा डावा हात मोकळा लागे. डाव्या तळव्यावर लिंग घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, बेल वाहायचा, डोळ्यांना लावायचं, पुन्हा गळ्यात ठेवायचं. एवढं झालं की अव्वा म्हणायची, "बांध रे अण्णा," आणि मी पट्टी बांधायचो. रोज पूजा आणि पूजेनंतर पट्टी. हे मी वहीत लिहिलं तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. निरखलं होतं, एवढंच.

अव्वाला विचारलं, अडखळायला कधी लागली? तिने तवा उतरवून ठेवला. "दिवाळीत तर घडाघडा बोलत व्हती की," ती म्हणाली. "संक्रांतीला वाण द्यायला गेलो तवा अडकली पहिल्यांदा." पट्टी दिवाळीनंतरची. मग तीच म्हणाली, "तुझ्या मास्तरनं एक गोष्ट बदलायला सांगितली न्हाई का? सोड ती पट्टी."

दुसरे आठ दिवस पट्टी सोडली, अप्पांच्या चोरून. अप्पा जेवायला आत आले की धाकटी पट्टी नुसती गुंडाळून बसे, गाठ नाही. माझ्या पाटीवर ती डाव्या हाताने अलिफ, बे काढू लागली. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. शाईने लिहिताना माझी बाही नेहमी ओल्या अक्षरांवरून फिरायची आणि सगळं फराटायचं. तिच्या हाती शाई दिली तरी अक्षर स्वच्छ, कारण तिचा हात अक्षरांच्या पुढे पुढे जायचा. मला हेवा वाटला. आणि माझा उजवा खिसा रोज हलका होत गेला. आठव्या दिवशी धाकटीने अव्वाला मांजरीच्या पिलांची अख्खी हकिकत सांगितली. मी खिशात हात घालून तयार उभा होतो, आणि हात तसाच राहिला. अव्वा चुलीकडे तोंड करून रडली.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी मी अप्पांना वही वाचून दाखवली. धीर कुठून आला माहीत नाही. अप्पांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा पारा चढला.

"मला चोरून करायलास हे?" ते म्हणाले. "चिंचोके हिकडचे तिकडं केले की पोर बरी व्हती का? उद्या तिला उजवायची हाय. तवा सासरच्यांना चिंचोके दावतो का तू?"

वही त्यांनी फेकली नाही. गल्ल्याच्या पेटीवर ठेवली आणि उठून गेले. मला वाटलं, संपलं.

सकाळी आत्याची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीला तिचे ते पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे देवणी बैल, रुबाबदार, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत येत होता. आम्ही सगळे पूजेला बसलो. पाणी झालं, बेल झाला. धाकटीने लिंग डोळ्यांना लावलं, पण गळ्यात ठेवलं नाही. तळहात तसाच पुढे धरून ती अप्पांकडे वळली.

"अप्पा, ड... ड..." तिची मान ताठ झाली. ती सगळी पुन्हा जुनी धाकटी झाली होती. 

"डाग न्हाई दुखत, बाई," आत्या म्हणाली. "मुंगी चावल्यावानी..."

अप्पांनी हात वर करून आत्याला थांबवलं. तिच्याकडे बघितलं नाही, धाकटीकडेच बघत राहिले. त्या घरात अप्पांनी कुणाचं वाक्य संपायची अशी वाट बघितलेली मी तोवर पाहिली नव्हती. दारात बैल मान हलवत होते. अव्वाने पदर तोंडाशी धरला होता.

"ड... डाग दिल्यावर," धाकटी म्हणाली, "लि... लिंग कोन्त्या हातावर घेऊ?"

 अप्पांनी स्वतःच्या डाव्या तळहाताकडे पाहिलं. त्यांचंही लिंग अजून हातावरच होतं, बेलाचं पान चिकटलेलं. मग ते म्हणाले, "अक्का, जेवून जावा तुम्ही. पोर येत न्हाई."

आत्या न जेवता गेली. वर्षभर बोलली नाही आमच्याशी.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत वही मास्तरांपुढे ठेवली. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाले, "नापास."

मी वहीचं पहिलं पान उघडून पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"मी एक गोष्ट बदल म्हणालो होतो. तू किती बदलल्या? हात सोडला. घरातल्यांना तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला शिकवलंस. आणि एरवी ओरडणारी तुझी वालिदा, म्हणजे आई, आठ दिवस पोरीवर ओरडली नाही, हे तूच लिहिलं आहेस. आता पोरगी कशानं बोलली? हाताने, सबुरीने, का मायेने? सांग."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. पुढे पुस्तकांतून वाचलं की डावा हात बांधण्याचा आणि अडखळण्याचा संबंध नेमका किती, यावर जाणत्यांचंसुद्धा एकमत नाही. मास्तरांना हे तेव्हाच कळत होतं, आणि मी कौतुकाच्या अपेक्षेने गेलो त्या दिवशीही ते खोटं बोलले नाहीत. आयुष्यात मला पुष्कळांनी पास केलं, त्यातले फार थोडे आठवतात. हा नापास मी अजून जपून ठेवला आहे. माझी पुढची सगळी भाकरी मी त्याच्यावर खाल्ली.

नापास म्हणून झाल्यावर मास्तरांनी मेजाच्या खणातून एक कोरा बोरू काढला, चाकू काढला आणि बोरूच्या टोकाला तिरपा काप दिला. आम्हाला देत त्याच्या उलट बाजूने. बोटावर टोक घासून पाहिलं, पुन्हा थोडं तासलं. "आपल्या बहिणीला दे," म्हणाले. "हा तुझ्या हाताने चालणार नाही."

पुढे राज्य बदललं, त्या उलथापालथीत मास्तर लातूर सोडून गेले. कुठे गेले ते कळलं नाही. मी नांदेडला आलो तेव्हा पहिल्यांदा त्यांचीच चौकशी केली, पण उशीर झाला होता.

बोरू घेऊन घरी आलो तेव्हा अप्पा दुकानातच होते. मी तो धाकटीला न देता आधी त्यांच्यापुढे धरला. वाटलं, त्यांना चोरून आता काही करू नये. अप्पांनी बोरू उलटसुलट फिरवून पाहिला, उलटा काप त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांनी धाकटीला हाक मारली. ती धावत आली आणि अप्पा काही देताहेत म्हणून सवयीने उजवा हात पुढे केला.

अप्पांनी बोरू मागे घेतला.

"तो न्हाई, बाई," ते म्हणाले. "दुसरा."