पंधरा डॉलरचं दुखणं

व्हर्लीन ऑटवेलने बावीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा केली. त्यांना कुशीवर वळवलं, न्हाऊ घातलं, भरवलं आणि कित्येकांचे डोळेही मिटले. नर्स ती कधीच नव्हती. पण अमेरिकेत, अलाबामातल्या त्या छोट्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगात, बायकांच्या बराकीत, दुखण्याखुपण्यातलं तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. कोर्टाची एक तारीख चुकली म्हणून ती आत आली होती आणि जामीन भरणारं कोणी नव्हतं म्हणून चार महिने तिथेच पडून होती.

तिथे नर्सला भेटायचं तर पिवळ्या कागदावर चिठ्ठी लिहून दाराजवळच्या पेटीत टाकावी लागे. चिठ्ठी टाकली की खात्यातून पंधरा डॉलर गेलेच, मग नर्सने नुसतं "पाणी जास्त पी" म्हणून परत पाठवलं तरी. खात्यात पैसे नसले तर नावावर उधारी चढे आणि घरून आईने वीस पाठवले की काउंटी आधी आपला वाटा उचले. तातडीच्या दुखण्याला पैसे पडत नाहीत, असं भिंतीवर छापून लावलं होतं. पण दुखणं तातडीचं होतं की नव्हतं, हे नर्स तपासून झाल्यावर ठरवणार. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला एकदा ठणकती दाढ घेऊन त्या बराकीत आठवडाभर बसवायला हवं.

तेव्हा बायका आधी व्हर्लीनकडे येत. सकाळच्या हजेरीनंतर ती लोखंडी टेबलाशी बसली की एकेक जण शेजारी टेकायची.

"मिस व्हर्लीन, बघा ना जरा. हे पंधराचं आहे का?"

ती पोट दाबून बघे, जीभ बघे, कपाळाला हात लावे. "हे पंधराचं नाही. मिठाच्या गुळण्या कर आणि तोंड जरा बंद ठेव, आम्हालाही आराम पडेल." किंवा, "हा फोड पसरतोय पोरी. टाक चिठ्ठी, रडत बसू नकोस." तिचं बहुतेक बरोबर निघे. बरोबर निघे म्हणून तिला मनातून बरं वाटे, हेही सांगायला हवं. बाहेर तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

डार्ला पिकेट त्रेचाळीस वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. लायसन्स रद्द झालेलं असताना गाडी चालवली म्हणून आत आलेली. जेवणाचं ताट आलं की तिची टकळी सुरू. "या बीन्स मी मुलांना वाढल्या असत्या तर मला तेव्हाच तुरुंगात घातलं असतं." तिच्या केली नावाच्या लेकीचे बाळंतपणाचे दिवस भरले होते. खात्यातल्या बावीस डॉलरना डार्ला हात लावत नव्हती. ते लेकीला फोन करायला राखून ठेवलेले होते; तिथे फोनलाही पैसे पडत.

बुधवारी सकाळी ती व्हर्लीनशेजारी येऊन बसली, छातीवर मूठ धरून.

"जळजळतंय, मिस व्हर्लीन. आणि पाठीत, इथे, दोन खांद्यांच्या मध्ये."

"काल काय खाल्लंस?"

"ते तिखट नूडल्स. दोन पाकिटं."

"मग काय होणार? फुलं उमलणार का छातीत?"

डार्ला हसली. मग म्हणाली, "जबडाही दुखतोय जरा. दाढ असेल."

जबडा म्हटल्यावर व्हर्लीन थबकली. वृद्धाश्रमात एका म्हातारीचा असाच जबडा दुखला होता आणि संध्याकाळी ती गेली होती. पण ती नव्वदीची होती. डार्ला तिच्याकडे बघत होती. तिला काय ऐकायचं होतं, ते व्हर्लीनला स्वच्छ दिसत होतं.

"केलीला फोन कधी करायचाय?"

"शनिवारी. पंधरा गेले तर बोलणं अर्ध्यात तुटेल. मूल झालं की नाही, एवढंही कळायचं नाही."

व्हर्लीनने तिची नाडी धरली, सोडली. "हे पंधराचं नाही," ती म्हणाली. "उशाला ब्लँकेट घे, डोकं उंच ठेवून झोप."

नर्स सोमवारी आणि गुरुवारी येई. गुरुवारी सकाळी ती आली, चिठ्ठी टाकलेल्या दोघींना तपासलं आणि अकराला निघून गेली. साडेअकराला जेवण आलं. डार्ला ताट घेऊन वळली आणि ताटासकट खाली कोसळली. व्हर्लीन गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबत राहिली. पहारेकरी आला, मग दुसरा आला, मग रुग्णवाहिका आली. व्हर्लीनला बाजूला ओढावं लागलं. दुपारी डार्लाची गादी गुंडाळून नेली, तेव्हा सगळ्यांना कळलं.

सोमवारी नर्स विचारायला आली. "आधी काही तक्रार केली होती का तिने? माझ्याकडे चिठ्ठी नाही."

चौदा बायका जमिनीकडे बघत उभ्या होत्या आणि व्हर्लीनही त्यांच्यातच उभी होती. आपणच सांगावं असं तिला वाटलं. तोंड उघडलं नाही. नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि ती गेली.

"तुम्ही काय डॉक्टर आहात का?" शेजारची टेनिल नंतर म्हणाली. "तुमचा काय दोष यात?" व्हर्लीनला वाटलं, हिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझ्यामुळे गेली ती, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी एक जण कान दुखतो म्हणून आली. "चिठ्ठी टाक," व्हर्लीन म्हणाली. दुसरी खाज घेऊन आली. "चिठ्ठी टाक." खोकला, पाय मुरगळलेला, तोंड आलेलं. "चिठ्ठी टाक." कपाळाला हात लावणं तिने सोडलं.

"हिला विचारून उपयोग काय आता," बायका आपसात म्हणाल्या, आणि विचारायचं बंद केलं. चिठ्ठ्या मात्र वाढल्या नाहीत. नर्स यायची, पेटी उघडायची, एखादा कागद निघायचा.

महिन्याभराने दुपारी पलीकडच्या खाटेवरची मिस्टी पोट धरून वाकडी झालेली व्हर्लीनला दिसली. ती उठली, जवळ गेली. "कुठे दुखतंय, पोरी?"

मिस्टीने घाईघाईने पाय सरळ केले, घाम पुसला.

"कुठे काय, मिस व्हर्लीन," ती हसून म्हणाली. "काही नाही. खरंच काही नाही."