माझी तर्जनी आणि नातीचे श्रुतलेखन

माझी फजिती मीच लिहिलेली बरी. दुसऱ्या कोणी लिहिली, तर तो त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करील, आणि ते मला फजितीहून अधिक लागेल.

माझी नात ईश्वरी तिसरीत आहे. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून मी श्रुतलेखन घालतो. मी शब्द उच्चारायचा, तिने लिहायचा. विश्वास ठेवा, एक वेलांटी चुकत नसे! जुळे सोलापुरातल्या आमच्या बागेच्या कट्ट्यावर मी जाहीरच करून टाकले, "शनिवारच्या चाचणीत ईश्वरी पैकीच्या पैकी आणणार!"

तिने आणले दहापैकी दोन.

आता कट्ट्यावर कोणत्या तोंडाने जाऊ? दोष अर्थातच बाईंचा! इस्त्रीचा सदरा-पायजमा घालून मी थेट शाळा गाठली, आणि वर्गाच्या दाराशी चपला काढून आत शिरलो.

"बाई, आपले उच्चार किंचित अस्पष्ट असावेत," मी अत्यंत सौम्यपणे म्हणालो.

बाई वयाने लहान, पण खंबीर. "असं म्हणता? मग आजोबा, तुम्हीच घाला शब्द. सगळे बरोबर आले, तर गुण वाढवून देते."

ईश्वरी पहिल्या बाकावर बसली. मी समोर उभा राहून 'दीपावली', 'परीक्षा', 'मुहूर्त' असे एकेक खणखणीत शब्द टाकले. सगळे बरोबर! मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिले. वर्ग मात्र माझ्या उजव्या हाताकडे पाहत होता.

"बाई, आजोबा पायजम्यावर लिवायलेत की!"

मी खाली पाहिले. माझी तर्जनी मांडीवर 'मुहूर्त'चा रफार देत होती!

काय सांगू! वाचायला मी माझा मीच शिकलो, दुकानांच्या पाट्या पाहून आणि मांडीवर बोटाने अक्षरे गिरवून. ते बोट अजून शिकतेच आहे, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. आणि ही पोर रोज समोर बसून ते उलटे वाचत होती!

"आजोबा, हाताची घडी," बाई म्हणाल्या.

घातली. करतो काय?

पुढचा शब्द 'आशीर्वाद'. ईश्वरीने क्षणभर मान खाली घातली आणि लिहिला. अचूक! मी छाती फुगवली.

"बाई, अंगठा! आता पायाचा अंगठा!" अख्खा वर्ग किंचाळला.

बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसतच होते. "आजोबा, तुम्ही जरा वर्गाबाहेर उभे राहा बघू."

चाचणी बाईंनी पुन्हा पहिल्यापासून घेतली. मी बाहेर भिंतीला पाठ लावून उभा, जाणाऱ्या-येणाऱ्या शिक्षकांना नमस्कार करत.

थोड्या वेळाने ईश्वरी उड्या मारत आली.

"आबा, पाच आले! बघायला कुणीच नव्हतं, मग डोकंच चालवलं की! आता घरी पण तुमी असंच बाहेर थांबायचं."

तेव्हापासून ती घरात, मी जिन्यात, आणि मध्ये बंद दार. मी दाराला तोंड लावून शब्द ओरडतो.

परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चढत होते. माझी अवस्था पाहून थबकले. हळूच म्हणाले, "काय काका, काकूंनी बाहेर काढलं व्हय?"

"मुळीच नाही," मी ताठ मानेने सांगितले, "नातीने."