सांगलीत काम असलेली माणसं

सातारा सोडताना अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, फोनवर बजावलं होतं, "कुणी इचारलं तर बेदाणा न्यायला आलोय म्हण."

खरं कारण होतं दाजी. अक्काचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांना क्षयरोग झाला होता. दोन महिने गोळ्या घेऊन बरं वाटताच त्यांनी त्या सोडल्या आणि खोकला परत आला.

कराडला गाडी पंक्चर झाली. तासभर गरम भजी खात थांबलो. मग मलकापूर, उसाचे फड आणि तासगावच्या पुढं, थेट अक्काच्या गावापर्यंत, दुतर्फा द्राक्षबागा. हवा इतकी स्वच्छ, की इथं कुणाला खोकला येतो हे सांगूनही खरं वाटू नये.

दाजींची खाट घरात नव्हती. शेतातल्या रिकाम्या शेडमध्ये त्यांचं ताट-तांब्या वेगळा मांडलेला. "हवापालट," अक्का म्हणाली. रोज संध्याकाळी चहाला येणारे शेजारचे तात्या महिनाभर फिरकले नव्हते. दाजींना आजारापेक्षा ते जास्त लागलं होतं.

"गावातच दवाखाना आहे. तिथं गोळ्या फुकट मिळतात," मी म्हटलं.

"तिथं गेलो की सारं गाव बघतंय, पाव्हणं," दाजी म्हणाले. "नातीची सोयरीक ठरायची हाय."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला टॉवेल बांधून आम्ही सांगलीला गेलो. सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीपुढं रांग होती. पुढच्या माणसानं कपाळापर्यंत टोपी ओढलेली. तो वळला. तात्याच होते.

"मी व्हय? मेव्हण्याचा रिपोर्ट न्यायला आलोय," त्यांनी न विचारताच सांगितलं. "आन् तुमी?"

"ह्या पाव्हण्यांना खोकला हाय," दाजींनी माझ्याकडं बोट केलं. नात्याचा मान राखून मी दोनदा खोकलो.

खिडकीतल्या नर्सबाईंनी मात्र दोघांचीही नावं मोठ्यानं पुकारली. "एकाच गावचे की तुम्ही. आजच तुमच्या गावातनं पाचजण आलेत. गावात औषध मिळत नाही का?" मग दाजींचा कागद बघून त्या थांबल्या. "मधेच सोडल्या? आता थुंकी परत तपासायची. पुन्हा सोडल्या तर ह्या गोळ्या लागूच पडायच्या नाहीत."

बाहेर येऊन दोघं एकाच बाकावर टेकले.

"कवापासनं?" दाजींनी विचारलं.

"संक्रांतीपासनं. म्हणून तर येत नव्हतो. तुमास्नी लागंल म्हनलं."

दाजींनी टॉवेल डोळ्यांपर्यंत वर ओढला. "आन् मी समजत हुतो, तुमी मला टाळताय."

परतीच्या गाडीत ते दोघं खिडकीजवळ शेजारी बसले. मला जागा मिळाली नाही. तासगावपर्यंत उभाच होतो.

साताऱ्याला परतल्यावर वाटत राहिलं, एका गावचे पाचजण एकमेकांपासून लपायला तिकीट काढून एकाच रांगेत उभे राहतात. जंतूंना एवढी मदत दुसरं कोण करील?

पुढं अक्काचा फोन आला. दाजी आणि तात्या आता गावातल्याच दवाखान्यात, भर सकाळी, बरोबर जातात. खाट घरात आली. मी भीत भीत सोयरिकीचं विचारलं.

"ठरली," ती म्हणाली. "ह्यांनी स्वतःच सांगून टाकलं त्यास्नी. मुलाच्या आईनं येवढंच इचारलं, 'गोळ्या येळेवर घेताय न्हवं? आमच्या घरात दोघांचं झालंय, पर आमी कुणाला बोललो न्हाई.'"