मांजरपाटाचे अकरा खिसे

अश्विनीने सासूला पाहिलं त्याच्या आधी सासूची पिशवी पाहिली. २००१ सालच्या मार्चमध्ये कळंबची मंडळी तिला पाहायला निमगाव साव्याला आली, तेव्हा जीपमधून पहिल्यांदा पिशवी उतरली. ती उतरून संपायला बराच वेळ लागला. शेजारच्या ठकूबाईंनी पुढे कित्येक दिवस शपथेवर सांगितलं की, पिशवीचं एक टोक ओट्यावर टेकलं तेव्हा दुसरं अजून जीपमध्येच होतं, आणि खबरदारी म्हणून आपण दोन्ही शेळ्या मोजून घेतल्या. पिशवीच्या मागून साळुबाई आल्या. उंची साडेचार फूट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चेहऱ्यावर जिल्हाधिकारी तपासणीला आल्याचा भाव.

पोहे झाले, चहा झाला. नवरा मुलगा आदेश रिवाजाप्रमाणे मुलीकडे न पाहता भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसला. डी.एड. झालेल्या अश्विनीची सगळी तयारी होती. नाव, गाव, शिक्षण, विणकाम, वेळ पडली तर राष्ट्रगीत. साळुबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही.

"भाकरी किती खाती गं?"

"दीड," अश्विनी म्हणाली. खरा आकडा दोनाचा होता, पण बघायला आलेल्या माणसांपुढे कोणतीही मुलगी अर्धी भाकरी मागे ठेवते.

"म्हंजी दोन. आन् आमटी?"

"दोन वाट्या."

साळुबाईंनी पिशवीच्या पोटात हात घातला, आतलं काहीतरी चिमटीत धरून पाहिलं, ओठांत पुटपुटल्या आणि नवऱ्याकडे, म्हणजे धर्माजींकडे, वळून म्हणाल्या, "एक बोट." धर्माजींनी मान डोलावली. ही देण्याघेण्याची काही कळंबकडची खूण असावी असं समजून अश्विनीच्या वडिलांना दरदरून घाम फुटला.

मग साळुबाईंनी मुलीला जवळ बोलावलं. तिला नुकतीच शिक्षणसेविकेची ऑर्डर मिळाली होती. तीन वर्षं खाडा न करता काढली की नोकरी कायम होणार होती, आणि सासरी गेल्यावर ती तीन वर्षं कशी निघणार या काळजीने तिला आठ दिवस झोप नव्हती.

"नोकरी सोडायची न्हाई," साळुबाई म्हणाल्या. "चूल माझी हाय. तू तुजा खडू बघ."

अश्विनीने लग्न केलं ते या वाक्याशी. आदेश त्या वाक्याबरोबर आला.

एका बोटाचा उलगडा मे महिन्यात, लग्नानंतरच्या आठवड्यात झाला. साळुबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे किराण्याची यादी त्यांनी कधी केली नाही. पिशवी हीच यादी होती. तिच्या आत अकरा खिसे होते. डाळीचा मोठा, रव्याचा त्याहून लहान, पोह्यांचा ढगळ, वेलदोड्याचा अंगठ्याएवढा. खिसा काठोकाठ भरला की तो जिन्नस आठवड्याला पुरे. घरात माणूस वाढलं की खिसा वाढायचा. नवी सून आली म्हणून साळुबाईंनी कोरं मांजरपाट आणून अख्खी पिशवी नव्याने शिवली आणि डाळीच्या खिशात एक बोट वाढवलं. साखरेचा आणि मिठाचा खिसा मात्र आदेशच्या लग्नातल्या सफारीच्या उरलेल्या टेरिकॉटचा केला, गळायला नको म्हणून. आपण या घरात नेमक्या किती आहोत, हे अश्विनीला असं कापडावर मोजून मिळालं.

घरात माणसं आठ होती, पण एका वेळी चार दिसली तर शेजारी विचारायला यायचे की काही वाईट तर घडलं नाही ना. धर्माजी विजेच्या मागे असायचे. वीज येईल तेव्हा कांद्याला पाणी. थोरला जानकू पहाटे टोमॅटोचे क्रेट टेंपोत भरून नारायणगावला. त्याची बायको वृषाली मंचरच्या दवाखान्यात कायम नोकरीची नर्स, तिच्या पाळ्या. त्यांची दोन मुलं शाळेत. आदेश सकाळ-संध्याकाळ दूध संकलनाच्या केंद्रावर. अश्विनी साडेनवाच्या एसटीला. कुणाची जेवायची वेळ कुणाशी जुळत नसे. म्हणून साळुबाईंनी घर खाऊवर चालवलं होतं. धर्माजींच्या बंडीच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की, जानकूच्या टेंपोत चिवड्याची बरणी, वृषालीच्या पर्समध्ये डिंकाचा लाडू, अश्विनीच्या डब्यात बेसनाचे दोन. त्या लाडवांचा लौकिक एवढा होता, की मधली सुट्टी झाली की मुख्याध्यापकांना अश्विनीच्या वर्गात हमखास काहीतरी तपासायचं निघायचं.

आणि तो लाडूही खिशांवरच होता. डाळीचा खिसा रिकामा करून डाळ दळायची, तिला साखरेचा खिसा रिकामा करून साखर कुटायची. वजन, वाटी, चमचा असल्या वस्तूंवर साळुबाईंचा विश्वास नव्हता.

पिशवीबद्दल घरात एकच नियम होता. तिला पाणी लागू द्यायचं नाही. का, ते साळुबाईंनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

नियम अश्विनीला माहीत नव्हता. ऑक्टोबरात घट बसायच्या आधी घराची धुणी निघाली. गोधड्या, वाकळा, पडदे, सगळं नदीवर गेलं. साळुबाई चार दिवस भावाकडे गेल्या होत्या. खुंटीवरच्या पिशवीला मुंग्या लागलेल्या अश्विनीने पाहिल्या. ती शाळेत स्वच्छतेचा धडा शिकवणारी बाई. तिने पातेल्यात सोडा टाकून पाणी उकळलं आणि पिशवी त्यात तासभर शिजवली. पिशवी पांढरीशुभ्र निघाली. वृषाली ड्यूटीवरून आली, दोरीवरची पिशवी पाहिली आणि चप्पल पायात तशीच ठेवून खाली बसली.

"कुणी धुतली ही?"

अश्विनीने अभिमानाने सांगितलं. मग वृषालीने नियम सांगितला.

पुढचे दोन दिवस अश्विनीने जे केलं ते शिक्षणखात्यात बसणारं नव्हतं. तिने पिशवीला हळद लावली. बुडाला गोडेतेल चोळलं. गुळाच्या खड्याने खिशांची तोंडं रंगवली. मग चुलीच्या धुरावर ती दोन संध्याकाळी टांगली आणि शेवटी मुंग्यांच्या वाटेवर नेऊन ठेवली, म्हणजे त्याही परत याव्यात. मुंग्या आल्या. साळुबाई आल्या तेव्हा पिशवी पहिल्यासारखी कळकट होती. त्यांना काही कळलं नाही. अश्विनीला वाटलं, सुटले.

त्यानंतर घरात वरण पातळ व्हायला लागलं.

डाळ पाचव्या दिवशीच संपू लागली. साळुबाई दोनदा खिसा झटकून पाहायच्या. दिवाळी आली. सालाबादप्रमाणे साळुबाईंनी पाच दिवस चुलीशी बैठक मारली, आणि जे बाहेर पडलं ते पाहून घर हादरलं. बेसनाचे लाडू इतके गोड झाले की धर्माजी एक खाऊन विहिरीच्या दिशेने निघाले. शंकरपाळ्यांनी जानकूच्या दाढेचा तुकडा पाडला. चिवडा खारट झाला. आदेशने तोंडभर कौतुक केलं आणि तांब्याभर पाणी प्याला. वृषालीच्या मुलांनी लाडू गोट्यांसारखे खेळून पाहिले, आणि ते फुटले नाहीत याचाच त्यांना आनंद झाला.

साळुबाईंनी एक लाडू मोडला, खाल्ला, उरलेला ताटात ठेवला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी आपल्या खुंटीवरून काढली आणि अश्विनीच्या ट्रंकेवर आणून ठेवली.

"हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "डाळ पुरत न्हाई, पाक कळत न्हाई. आता तुमी बघा."

एवढं बोलून त्या ओट्यावर जाऊन बसल्या. चाळीस वर्षं चुलीपाशी काढलेली बाई दिवसाउजेडी रिकाम्या हातांनी बसलेली कुणी पाहिली नव्हती. धर्माजी तिच्यासमोरून जाताना घसा खाकरून, पाहुण्यांच्या घरातून जावं तसे जाऊ लागले.

चूल कुणीतरी बघायची होती. वृषालीची नोकरी कायमची. अश्विनीचे तीन वर्षांतले सहा महिने झालेले. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. धर्माजींनीच एकदा, अगदी मायेने, सांगून टाकलं की दिवाळीची सुट्टी संपली की पोरीने राजीनामा द्यावा, पुढचं पुढे बघू. अश्विनीने आदेशकडे पाहिलं. आदेश कॅलेंडर पाहत होता.

शाळा उघडायला तीन दिवस राहिले. मधे मंचरचा बाजार आला. पिशवी अश्विनीच्या खांद्याला होती.

कुशाबाच्या किराणा दुकानात यादी वाचायची पद्धत या एका गिऱ्हाइकापुरती बंद होती. पिशवी आली की कुशाबा काही न विचारता खिसे उघडायचा, तागडीत तोलत तोलत ओतायचा आणि खिसा भरला की थांबायचा. वजन त्याचं तो लिहायचा. साळुबाई आकड्यांकडे कधी बघत नसत.

"सासूबाई न्हाई आल्या?" त्याने डाळ ओतता ओतता विचारलं. "बरं हाय ना? न्हाई म्हंजी, घट बसल्यापास्नं बघतोय. डाळ दोन किलो जायची, ती आता दीडवरच खिसा भरतोय. पव्हं बी तसंच. साखर मातर तेवढीच. मास्तरीणबाई, तुमी लईच गोडाच्या दिसता."

दुकानातल्या बाया हसल्या. अश्विनी हसली नाही. तिने पिशवीत हात घातला. साखरेचा खिसा गुळगुळीत, लांबच्या लांब. डाळीचा खिसा आखडलेला, शिवणीपाशी चुण्या पडलेला.

सातवीला ती घनफळ शिकवायची. लांबी आटली, रुंदी आटली, पोट आटलं. तिन्ही बाजूंनी थोडं थोडं गेलं की आतला पाव हिस्सा जातो. कोरं मांजरपाट उकळत्या सोड्यात आटलं होतं, टेरिकॉट तसंच राहिलं होतं. नियमाचं कारण एवढंच होतं, आणि ते विचारलं असतं तर साळुबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं असतं.

कळंबला जाणाऱ्या वडाप जीपमध्ये तिने बोलायची तयारी केली. पिशवी धुतली हे सांगणं सोपं होतं. पुढची हळद, तेल, धूर आणि मुंग्या सांगणं कठीण होतं. न सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. नोकरी गेली असती, पण सासूच्या नजरेत ती शहाणी राहिली असती. घर येईपर्यंत ती शहाणी राहण्याच्या बाजूने होती.

साळुबाई ओट्यावर तशाच बसल्या होत्या. अश्विनीने पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मुंग्यांसकट.

साळुबाईंनी डाळीचा खिसा उलटा केला, शिवणीवरून वीत लावली, मग बोटं लावली. मग साखरेचा खिसा मोजला. मग पुन्हा डाळीचा.

"दीड बोट आटलाय," त्या म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"म्हंजी हात न्हाई गेला माझा."

"नाही."

"धुतली ती धुतली," साळुबाई म्हणाल्या, "वर हळद बी लावली? शाळंत पोरांना काय शिकवती गं तू? आन् ती जानकूची बायको, तिला ठावं व्हतं? नर्स हाय ती. रोग झाकून ठिवती का?"

अश्विनी रडायला लागली. साळुबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या उठल्या होत्या. कमरेला पदर खोचत त्या आत गेल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, की डाळ गिरणीत टाकून ये, साखर मी हाताने काढते, आणि धर्माजींना सांग की लाकडं फोडा. कार्तिक संपत आला होता, सणवार काही नव्हता. त्या दिवशी कळंबमध्ये एकाच घरातून बेसन भाजल्याचा वास येत होता आणि तो रस्त्यापर्यंत जात होता. धर्माजींनी लाकडं फोडली ती महिनाभर पुरली. लाडू झाले तेव्हा साळुबाईंनी पहिला अश्विनीच्या हातावर ठेवला आणि ती खाईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"कसा हाय?"

"तसाच," अश्विनी म्हणाली.

राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. साळुबाईंनी पिशवीचे आटलेले खिसे उसवून नवे शिवले, आणि या खेपेला मांजरपाट आधी रात्रभर पाण्यात भिजवून घेतलं. अश्विनीला टोमणा मारायचा असला की त्या पिशवी उन्हात टांगायच्या आणि विचारायच्या, "हळद लावू का गं?" सोमवारी शाळा उघडली तेव्हा डब्यात बेसनाचे दोन लाडू होते आणि मुख्याध्यापक तपासणीला आले.

तीन वर्षं पुरी झाली. २००४ साली अश्विनी कायम झाली, आणि त्याच वर्षी तिची बदली भीमाशंकरच्या बाजूला, डोंगरातल्या एका शाळेवर झाली. रोज जाऊन येऊन जमेना म्हणून ती तिथेच खोली घेऊन राहिली. साळुबाईंनी डाळीचा खिसा एक बोट कमी केला. लाडू काही अश्विनीला करता येत नाहीत. ती घोडेगावहून विकत आणते.